बाबांना दोन्ही डोळ्यांत पडद्याचं लेसर सांगितलंय: रात्रीची ॲक्टिवा, उत्तरायण आणि नंतरचं रोजचं

रावपुरा_रोहित

बाबा ६३ वर्षांचे, मधुमेह १८ वर्षं, रक्तदाबाची गोळी चालू. पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांनी फाईलवर दोन्ही डोळ्यांना 'पीडीआर' (मधुमेहानं पडद्यावर नव्या वाहिन्या येणं) लिहिलंय आणि पीआरपी, म्हणजे पडद्याच्या कडेवर डाग पाडायचं लेसर सांगितलंय. आधी उजवा डोळा, मग डावा. प्रत्येकाला तीन सिटिंग, मध्ये साधारण आठवड्याचं अंतर. ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) उजव्या डोळ्याच्या मध्यभागी थोडी सूज दिसली, म्हणून त्या डोळ्यात लेसरच्या आधी एक इंजेक्शन. डाव्यात सूज नाही.

अडचण अशी की तक्त्यावर उजव्यानं ६/१२ आणि डाव्यानं ६/९ दिसतं (धड डोळ्याचं ६/६). म्हणजे बाबांच्या मते सगळं व्यवस्थित दिसतंय, मग लेसर कशाला? आत्याचं म्हणणं, लेसर म्हणजे पडदा जाळणं, त्यापेक्षा नको. शेजारचे काका म्हणतात, करून टाका, चष्मा जाईल.

दुकान इथेच वडोदऱ्यात, मांडवीत आहे. रात्री साडेआठ-नऊला ॲक्टिवावर घरी येतात. विचारायचं ते हे: सिटिंगमध्ये किती दुखतं, त्या दिवशी खाणं-औषधं कशी, नंतर नजर किती दिवस अंधुक राहते, रात्रीची गाडी चालेल का, आणि उत्तरायणाला (संक्रांतीला) पतंग उडवायला धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, चढू द्यायचं का (हे मी नाही, ते विचारतायत). माहीतगारांनी नेमकं सांगावं.

दृष्टीमापक_अलकापुरी

आधी शेजारच्या काकांचं. चष्म्याचा नंबर घालवणारं लेसर बुबुळावर करतात. मोतीबिंदूनंतर धूसर दिसायला लागलं की भिंगामागची झिल्ली उघडतात, ते दुसरं. बाबांना सांगितलंय ते तिसरंच, पडद्यावरचं. त्यानं नंबर जात नाही आणि गेलेली नजर परतही येत नाही. आहे ती टिकावी म्हणून ते करायचं. हे बाबांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर तीन सिटिंगनंतर 'फरक काहीच नाही' म्हणून डावा डोळा करायला येणार नाहीत.

आत्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. जाळतातच, पण कडेचा भाग. साखरेनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या की उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो आणि त्यामुळे नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात. पीडीआर म्हणजे हीच अवस्था. या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरतं किंवा त्यांच्या जाळ्यानं पडदा ओढला जाऊन सुटतो. मोहल्ल्यात पाणी कमी दाबानं येत असेल तेव्हा टोकाच्या घरांचे नळ बंद केले की मधल्या घरांना पुरतं, तसं हे. पडद्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी सगळ्यात जास्त ऑक्सिजन खातात, कडेच्या त्यातल्या काही बंद केल्या की मागणी घटते आणि मधल्या नजरेला पुरवठा राहतो. रसायन कमी झालं की कच्च्या वाहिन्या काही आठवड्यांत आक्रसतात. मध्यबिंदू, म्हणजे मॅक्युला, आणि डोळ्याची नस यांना हात लावत नाहीत.

६/९ दिसतंय म्हणून थांबायचं नाही. ६/९ म्हणजे फक्त मधला बिंदू शाबूत आहे. कच्च्या वाहिन्या कडेला असतात, त्या तक्ता वाचताना कळत नाहीत. रक्त उतरतं तेव्हा ६/९ चं एका सकाळीत 'समोर हात हलवला तर दिसतो' इतकं होऊ शकतं.

आता सिटिंग. बाहुली मोठी करणारे थेंब दोन-तीनदा घालतात, अर्धा-पाऊण तास जातो. मग बधिर करणारा थेंब, हनुवटी टेकवून कपाळाला पट्टा, आणि डोळ्यावर जेल लावलेली काच. साध्या हिरव्या लेसरमध्ये एक शॉट सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो आणि एका डोळ्याला सगळे मिळून साधारण १२०० ते १६०० लागतात. नवीन पॅटर्न मशीनमध्ये एका पायडलला चौकोनात अनेक शॉट पडतात, प्रत्येक जेमतेम २० मिलिसेकंदांचा. दुखतं कमी, पण डाग लहान उमटतात म्हणून शॉट जास्त लागतात, दोन हजारांच्या वर सहज. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करून घाबरू नका, आधी मशीन कोणतं ते विचारा.

दुखणं सगळीकडे सारखं नसतं. घड्याळाच्या ३ आणि ९ च्या जागी, डोळ्याच्या दोन्ही बाजूंना, लांब नसा जातात. तिथे शॉट पडला की कपाळात किंवा दाढेत सणक जाते आणि माणूस डोकं मागे घेतो. तेच करायचं नाही. डोकं न हलवता तोंडानं 'थांबा' म्हणायचं. डॉक्टर शक्ती किंवा वेळ कमी करतात, थोडं थांबतात. फारच असह्य असेल तर डोळ्याशेजारी बधिर करणारं इंजेक्शन देऊन पुरं करतात. तासभर आधी पॅरासिटामॉल घेतली तर बरं पडतं, डॉक्टरांना विचारून. दुसरी कुठली पेनकिलर परस्पर देऊ नका. ज्यांचा पडदा बिघडलाय त्यांच्या किडनीवरही बहुतेकदा साखरेचा परिणाम असतो आणि त्या गोळ्या किडनीला जड जातात.

नाश्ता, साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन, सगळं वेळेवर. उपाशी नेऊ नका, थांबायला लागलं तर साखर खाली येते, खिशात ग्लुकोज बिस्किटं ठेवा. रक्तदाबाची गोळी नक्की घेतलेली हवी. बाहुलीच्या थेंबात बरेचदा फेनिलेफ्रिन असतं आणि त्यानं दाब चढतो. आधीच फार वर असेल तर सिटिंग पुढे ढकलतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तर आपल्या मनानं बंद करायची नाही.

उठल्या उठल्या त्या डोळ्यानं अंधार किंवा गुलाबी-जांभळट दिसतं. हिरव्या झोतानं पेशी दिपलेल्या असतात, थोड्या वेळानं उतरतं. बाहुली चार ते सहा तास मोठी राहते. गॉगल न्या. पहिली वीस-पंचवीस मिनिटं डोळा बधिर असतो, चोळला तर कळत नाही आणि बुबुळावर ओरखडा उठतो, मग रात्रभर खुपतं. जेल पापणीवर वाळून खपली धरते, ती नखानं काढायची नाही, ओल्या कापसानं भिजवून पुसायची. लेसरनं डोळ्याला चीर पडत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ चालते. इंजेक्शनचं मात्र वेगळं. त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही.

विश्वामित्री_पार

आजकाल लेसर कोण करतं? ते रसायन अडवणारी इंजेक्शनं आली आहेत, कडेची नजर पण जात नाही. मोठ्या शहरात सगळे तेच देतात. बाबांना अहमदाबादला दाखवा.

दृष्टीमापक_अलकापुरी

सरसकट असं नाही. अमेरिकेतल्या 'प्रोटोकॉल एस' नावाच्या तुलनेचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दोन वर्षांच्या शेवटी इंजेक्शनवाल्यांची नजर लेसरवाल्यांपेक्षा कमी नव्हती आणि कडेची नजर त्यांची जास्त टिकली. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण इंजेक्शनचा असर उतरतो. सुरुवातीला महिन्या-महिन्यानं जावं लागतं आणि पुढेही तपासणी चुकवून चालत नाही. मध्येच आजारपण, लग्नसराई, पैशाची ओढ, गावाला जाणं असं काही आलं आणि माणूस सहा-आठ महिने फिरकला नाही, तर नुसत्या इंजेक्शनवर असलेल्यांचा डोळा लेसर झालेल्यांपेक्षा जास्त बिघडलेला आढळतो. लेसरचा डाग कायमचा असतो, म्हणून तारखा चुकण्याची शक्यता असलेल्याला तेच भरवशाचं. रोहितच्या डॉक्टरांनी सूज असलेल्या डोळ्यात आधी इंजेक्शन आणि मग लेसर असा क्रम लावलाय. नेहमीचा आणि शहाणपणाचा. लेसरनं मध्यभागाची सूज तात्पुरती वाढू शकते, ती आधी उतरवून घेतात.

आणि पद्धत जुनी आहे म्हणून वाईट नाही. जर्मनीत मायर-श्विकेराथ यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणात पडदा भाजलेला डोळा पाहिला आणि हाच डाग ठरवून पाडता येईल का, असा विचार केला. सुरुवातीचे प्रयोग त्यांनी छतावरून आरशानं ऊन डोळ्यात सोडून केले. ढग आले की काम बंद. मग झेनॉनचा दिवा आला, त्यानंतर लेसर. आणि नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो हे १९७० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या चाचणीत सिद्ध झालं.

सूरसागर

नंतरचं रोजचं मी सांगतो, कारण दवाखान्यात ते कुणी सांगत नाही.

पूर्ण पीआरपी झालेल्या डोळ्याला तीन गोष्टी कमी होतात. कडेचं दिसणं, अंधारात सरावणं आणि फिकट-गडद यातला फरक. समोरचं वाचन तसंच राहतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं की हे मुद्दाम धडपडतात. सगळ्यात जास्त घोटाळा उजेडातून अंधारात शिरताना. दुपारी उन्हातून दुकानात आल्यावर उंबऱ्याशी थांबायचं, आत काय आहे ते दिसेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. बाहेर पडताना कडा असलेली टोपी आणि फिकट राखाडी गॉगल. काळाकुट्ट गॉगल संध्याकाळी घालायचा नाही, होतं तेवढंही दिसणं जातं.

घरात पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर पायाच्या उंचीला छोटे एलईडी लावा, माणूस आला की लागणारे मिळतात. मोठी ट्यूब एकदम लावू नका, दिपतं, आणि विझवली की पुन्हा पहिल्यापासून अंधार. रावपुऱ्यातल्या जुन्या घरांचे जिने अंधारे आणि उभे, पायऱ्यांची उंचीही एकसारखी नसते. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पांढरा किंवा पिवळा पट्टा रंगवा. फक्त पहिल्या आणि शेवटच्या पायरीला पट्टा लावतात ते अपुरं, पाय चुकतो तो मधे. स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि स्टीलच्या वाटीत ताक दिसत नाही, सांडतं. गडद रंगाची ताटली-वाटी घ्या, तेवढ्यानं काम होतं. इन्सुलिन पेनचे आकडे टेबललॅम्पखालीच बघायचे, अंदाजानं खटके मोजायचे नाहीत. दारं एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद, कारण अर्धवट उघड्या दाराची कड समोरून दिसत नाही आणि कपाळावर बसते.

रात्रीची ॲक्टिवा. माझं मत सरळ आहे: सगळ्या सिटिंग होऊन डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांची फिल्ड टेस्ट (कडेच्या नजरेची तपासणी) बघेपर्यंत नाही. ती टेस्ट मागून घ्या, बटण दाबायची असते, बाजूचे ठिपके किती चुकतात ते कागदावर छापून येतं. बाबांशी वाद घालण्यापेक्षा तो कागद दाखवणं सोपं. मांडवी ते लहेरीपुरा दरवाजा पट्ट्यात गल्लीतून गाडी बाजूनंच घुसते, समोरून नाही. आणि समोरच्या हेडलाइटनं दिपल्यावर पुढचे काही क्षण रस्ता काळा होतो. नेमकं तेव्हाच रस्त्यावर बसलेली म्हैस. तिला काही टेललाइट नसतो. टेस्ट बरी आली तरी दोन्ही आरसे लावलेले हवेत आणि वळताना नुसते डोळे नाही, मान पूर्ण वळवायची. दुकान सातला बंद करता आलं तर निदान उन्हाळ्यात प्रश्न मिटतो. नाहीतर रिक्षा.

नवा चष्मा घाईनं करू नका. लेसरनंतर जवळचं फोकस ढिलं पडतं, सूज वर-खाली होते, साखर बदलली की नंबरही हलतो. दोन-तीन महिने स्थिर होऊ द्या.

मांडवीकर

कुणी त्राटक सांगेल, कुणी मधाचे थेंब, कुणी गाजराचा रस. थेंब डोळ्यात घालायचे नाहीत, विषय संपला. रस तर साखर वाढवतो.

रावपुरा_रोहित

सगळ्यांचे आभार. उजव्या डोळ्याचं इंजेक्शन आणि पहिली सिटिंग झाली. ३ आणि ९ चं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बाबा हलले नाहीत. आता त्या डोळ्यानं धुरकट दिसतंय आणि काल रात्रीपासून दोन-तीन काळे धागे तरंगतायत. लेसरनं वाहिनी फुटली का? आणि साखर, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी, ९.८ आहे, आई म्हणते महिन्यात सहावर आणते.

दृष्टीमापक_अलकापुरी

धुरकट असणं काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही चालतं. नवे काळे धागे मात्र आजच फोन करून कळवा, उद्यावर टाकू नका. लेसरचा झोत सहसा वाहिनी फोडत नाही. कच्च्या वाहिन्या आधीपासून आहेत, त्या आक्रसताना किंवा आतला जेल ओढला जाताना थोडं रक्त येऊ शकतं. शिवाय इंजेक्शनसोबत गेलेले हवेचे बारीक बुडबुडेही काळे गोल दिसतात आणि दोन-चार दिवसांत जातात, पण धागे म्हणजे बुडबुडे नव्हेत. दोघांतला फरक घरी बसून ठरवू नका. रक्त असेल तर पडदा दिसत नसला तरी डोळ्याची सोनोग्राफी करून तो जागेवर आहे का ते बघतात. तोवर पाठीमागे दोन-तीन उशा लावून, डोकं उंच ठेवून झोपायचं म्हणजे रक्त खाली बसतं आणि मधून दिसायला लागतं. वाकून वजन उचलणं नको, शीर्षासन नको, संडासला जोर लावणं नको.

तासाभरात निघायचं ते कधी, तेही लिहून फ्रिजवर लावा. एका बाजूनं कापडी पडदा ओढल्यासारखी सावली, सोबत विजा चमकल्यासारखं, म्हणजे डोळ्याचा पडदा सुटत असेल. डोळा दगडासारखा कडक होऊन दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलटी, म्हणजे डोळ्यातला दाब चढलाय. ही उलटी ॲसिडिटीची समजून बऱ्याच घरांत रात्र वाया जाते. आणि इंजेक्शननंतरच्या पहिल्या आठवड्यात दुखणं आणि लाली रोज वाढत जाऊन नजर उतरणं, म्हणजे जंतुसंसर्ग. पांढऱ्या भागावर नुसता लाल डाग असेल, दुखत नसेल, नजर तशीच असेल, तर ते सुईचं रक्त, आपोआप विरतं.

कमाटीबाग_सकाळी

आईंना थांबवा, प्रेमानं. ९.८ वरून एकदम सहावर आणायला गेलं की पडदा काही महिने उलटा बिघडू शकतो, विशेषतः आधीच पीडीआर असेल आणि इन्सुलिन झपाट्यानं वाढवलं तर. याचा अर्थ साखर चढी ठेवायची असा नाही, लांब पल्ल्यात ती उतरवलीच पाहिजे. डायबेटिसच्या डॉक्टरांना पडद्याची फाईल दाखवा आणि उतार किती वेगानं घ्यायचा ते त्यांनी ठरवावं. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन-साखरेचं नवं इंजेक्शन कुणी सुचवलं तरी सुरू करण्याआधी पडद्याच्या डॉक्टरांना कळवा, कारण तिथेही तोच प्रश्न. फेनोफायब्रेट नावाची चरबीची गोळी काही रुग्णांत पडद्याचा बिघाड सावकाश करते, बाबांना चालेल का ते विचारा. किडनी बघून देतात.

साखरेइतकंच रक्तदाबाचं. १३०/८० च्या आसपास. लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन एकदा करून घ्या. रक्त कमी असेल किंवा किडनीतून प्रथिन जात असेल तर पडद्याची सूज हट्टी होते आणि लोक लेसरला दोष देतात. सेव-उसळ बंद नाही, पण सेव मूठभरापेक्षा कमी आणि पाव एकच. एकादशीला साबुदाणा खाऊन वर औषध टाळणं हे दोन्हीकडून चुकीचं.

सूरसागर

उत्तरायणाचं राहिलं. पतंगाला डॉक्टरी बंदी नाही, पण त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी सिटिंग घेऊ नका, मोठ्या बाहुलीनं आभाळाकडे बघवणार नाही. धागे रक्ताचेच निघाले आणि विरले नसतील तर यंदा खाली बसून उंधियू. वर जायचंच असेल तर कठडा कमरेइतका असलेल्या धाब्यावर, टोपी-गॉगल लावून, सूर्याकडे पाठ करून, फिरकी धरायची. ढील देत मागे सरकणारा माणूस दोन्ही डोळे धड असले तरी पडतो, इथे तर बाजूचा कठडाच दिसत नाही.

विश्वामित्री_पार

दृष्टीमापक, ठीक आहे, पटलं. खर्चाचं कुणी बोललं नाही. रोहित, दवाखान्यात विचार: रक्कम एका सिटिंगची की पूर्ण डोळ्याची, नंतर भर घालायचं लेसर लागलं तर ते त्यात धरलंय का, ओसीटी वेगळं का. विमा असेल तर पडद्याचं लेसर त्यांच्या डे-केअर यादीत आहे का ते आधी लेखी मागव. रात्र न काढता होणारं काम म्हणून दावा अडतो. पीएमजेएवाय-मा (सरकारी आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर सिटिंगच्या आधी कार्डाच्या खिडकीवर मंजुरी, नंतर नाही. एसएसजी या सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागातही चौकशी करून बघ.

दृष्टीमापक_अलकापुरी

आणि प्रत्येक सिटिंगचा कागद घ्या: तारीख, कुठला डोळा, किती शॉट, किती शक्ती. ओसीटीचा रंगीत प्रिंट, त्यावर मधल्या भागाची जाडी मायक्रॉनमध्ये असते, पुढच्या वेळी तोच आकडा ताडून बघतात. घरी कॅलेंडरचे चौकोन वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, आळीपाळीनं बघायचे. रेषा वाकड्या दिसल्या तर तपासणीची तारीख अलीकडे घ्या. तिसऱ्या सिटिंगनंतर पुढची तारीख काउंटर सोडायच्या आत लिहून घ्या, साधारण महिना-दीड महिन्यानं बोलावतात. वाहिन्या आक्रसल्या नसतील तर मधल्या मोकळ्या जागांत आणखी शॉट भरतात. ते 'लेसर फेल गेलं' असं नसतं, आत्यांना आत्ताच सांगून ठेवा.

रावपुरा_रोहित

फोन केला, आज चारला बोलावलंय. रिक्षानंच नेतो. फाईल, बिस्किटं, गॉगल घेतलाय.